दीड लाखाचे घोडे

टाटांच्या हॅरिअर ईव्हीच्या किमती २०२५ च्या जूनमध्ये जाहीर झाल्या, तेव्हापासून आमच्या घरात दीड लाख रुपये हिंडताहेत. तसे ते मुदत ठेवीत आहेत. ठेव हिच्या नि माझ्या जोडनावावर आहे आणि दोघांच्या सहीशिवाय मोडत नाही. पण सकाळच्या चहाला ते टेबलावर असतात, दुपारी वर्तमानपत्रात सापडतात आणि रात्री दिवा मालवला की उशाशी येऊन बसतात.

भानगड अशी आहे. या गाडीच्या वरच्या दोन प्रकारांत एक २७ लाख ४९ हजारांची, दुसरी २८ लाख ९९ हजारांची. बॅटरी दोन्हींत तीच, ७५ किलोवॉट-तासांची. एका चार्जिंगमध्ये कंपनीच्या हिशेबाने जाण्याचं अंतर एकीचं ६२७ किलोमीटर, दुसरीचं ६२२, म्हणजे महागडी उलट पाच किलोमीटर कमीच जाते. फरक एवढाच, की स्वस्त गाडीत फक्त मागच्या चाकांना मोटर आहे, २३८ अश्वशक्तीची. महाग गाडीत ती आहेच, शिवाय पुढच्या चाकांनाही एक आहे, १५८ अश्वशक्तीची. दोन्ही मोटरी एकदम जुंपल्या आणि 'बूस्ट' लावलं, की गाडी शून्यावरून शंभरावर ६.३ सेकंदांत जाते.

साडेसत्तावीस लाखांच्या गाडीला मी 'स्वस्त' म्हटलं खरं. गाड्यांच्या पत्रकांवर झोपलं की माणसाची जीभ अशी सैल होते.

आजवर मी ज्या गाड्या चालवल्या त्यांना शंभर गाठायला खंडाळ्याचा उतार, मागून वारा आणि सासुरवाडीला न जाणं एवढ्या तीन गोष्टी लागायच्या. त्यामुळे ६.३ सेकंद हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा तो छपाईतला दोष वाटला. मग तो डोक्यात शिरला. मग तो निघेना.

ही शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. निवृत्त झाली तरी फळा गेलेला नाही. तिने वाण्याच्या यादीमागे हिशेब मांडला. ताशी शंभर म्हणजे सेकंदाला जवळजवळ अठ्ठावीस मीटर. निघताना शून्य, पोचताना अठ्ठावीस, सरासरी चौदा. गुणिले ६.३. "अठ्ठ्याऐंशी मीटर," ती म्हणाली. "शंभर गाठायला अठ्ठ्याऐंशी मीटर मोकळा, सरळ रस्ता. मग थांबायला अजून पन्नासेक. लवळ्यात असा रस्ता दाखवा, मी लगेच सही करते."

मी टोपी घालून बाहेर पडलो.

पुण्याजवळच्या आमच्या लवळ्यात यायला रस्ते कमी नाहीत. सूसकडून टेकडी चढून या, नांद्याकडून या, नाहीतर पौड रस्त्याला लवळे फाट्याला वळा. टेकडीवर सिंबायोसिसचं विद्यापीठ, खाली फ्लेम, मधे गाव, आणि गावाच्या कडेकडेने आमच्यासारखे कोथरूडात जागा न पुरलेले लोक. रस्ते आहेत, वळणंही सुरेख आहेत. पण सरळ अठ्ठ्याऐंशी मीटर म्हटलं की मधे काहीतरी येतंच. कधी खडीचा डंपर, कधी म्हशी, कधी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक, आणि यातलं काहीच नसेल तर गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप ठरवून दिलंय. उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे ताशी पंचवीसने गाडी अलगद जावी. आमच्या भागातले गतिरोधक लोकवाङ्मयासारखे आहेत. कर्ता कोण ते माहीत नाही, काळ सांगता येत नाही, आणि प्रत्येक वाडीचा पाठ वेगळा.

बरं, गावाबाहेर पडलं तर काय? टॉमटॉम ही कंपनी दरवर्षी जगभरातल्या शहरांतली वाहतूक मोजते. २०२४ च्या यादीत पुणं सर्वांत संथ शहरांत चौथं होतं. दहा किलोमीटरला ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे ताशी अठरा. हा आकडा वाचून मला दुःख झालं नाही, आपण पहिल्या तिनात कसे नाही याचं आश्चर्य वाटलं. यादी करणाऱ्यांनी भूगावची संध्याकाळ धरली नसावी. हिने मात्र लगेच पेन्सिल उचलली. ताशी अठरा हा वेग ही गाडी एका सेकंदाच्या किंचित वर गाठते. पुढचे पाच सेकंद निरुपयोगी. म्हणजे दीड लाखातले एक लाख तेवीस हजार वापरलेच जाणार नाहीत. "उरलेले सत्तावीस हजार मी देते," असं ती म्हणाली, तेही बांगड्यांच्या पैशांतून, आणि माझी फार पंचाईत झाली.

कायद्यात राहून शून्य ते शंभर करता येईल अशी एक जागा माझ्या डोक्यात होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादा शंभरची आहे, आणि टोलनाक्याशी गाडी पूर्ण थांबते. तिथून पुढे मारायची. दोन्ही बाजूंना लोक बघायला असतातच. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने इलेक्ट्रिक गाड्यांना तिथला टोल माफ केला. महाराष्ट्रातलं एकमेव ठिकाण जिथे मी हक्काने थांबलो असतो, तिथे आता थांबायचं कारण उरलं नाही. टोलमाफीने दुःखी झालेला मराठी माणूस मी एकटाच असेन. त्यातूनही मी सावरलो आणि एका खेपेचे ३२० रुपये वाचतात हे दुसऱ्या मोटरच्या खात्यावर जमा करून हिला दाखवलं. ती म्हणाली, "टोल एका मोटरच्या गाडीलाही माफ आहे." हिशेब समजणाऱ्या बाईशी लग्न करू नये असं आमचे मामा म्हणायचे. त्यांची पतपेढी होती.

मुलगा परदेशात असतो. त्याला फोन केला तर त्याने घोळ वाढवला. "बाबा, चाकणची घ्या." चाकणला महिंद्रांची बीई सिक्स होते. २०२४ च्या नोव्हेंबरात आली तेव्हा तिचं नाव 'बीई सिक्स ई' होतं. 'सिक्स ई' आमचं, म्हणून इंडिगो विमान कंपनी कोर्टात गेली आणि डिसेंबरात गाडीच्या नावातला 'ई' गळला. तिची मोठ्या बॅटरीची प्रत ६.७ सेकंदांत शंभर गाठते. म्हणजे आमच्या जिल्ह्यात इकडे पिंपरीला टाटा, तिकडे चाकणला महिंद्रा, दोन्हीकडे सहा-साडेसहा सेकंदांच्या गाड्या तयार होऊन बाहेर पडताहेत, आणि शेजारी ताशी अठराने पुणं.

आता मी गरज शोधायला लागलो.

हे सांगायला हवं, की आमच्या घराण्यात हौसेने काही घेतलेलं नाही. सगळं गरजेचंच घेतलंय. टेपरेकॉर्डर घेतला तो मुलाचे इंग्रजी उच्चार सुधारावेत म्हणून, त्यावर भीमसेन जोशी ऐकू आले हा योगायोग. कॅमेरा घेतला तो कागदपत्रांना फोटो लागतात म्हणून. लवळ्यातला बंगला आईच्या दम्यासाठी बांधला. आईला दमा नव्हता, पण होऊ शकला असता. तेव्हा दुसऱ्या मोटरलाही एक दमा शोधणं मला अवघड जाणार नाही असं वाटलं होतं.

विक्रेत्या पोराने पहिला दमा आयताच दिला. "सर, ही स्पीड नाही, सेफ्टी आहे. ओव्हरटेक करताना कॉन्फिडन्स." पिरंगुटकडे जाणाऱ्या कंटेनरला मागे टाकताना म्हणे ते सेकंद जीव वाचवतात. ही म्हणाली, "कंटेनरच्या मागेच राहिलं तर?" पोराकडे याचं उत्तर नव्हतं, त्याच्या प्रशिक्षणात ही शक्यता घेतलेली नसावी. दुसरा दमा मी स्वतः काढला. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर? पण विद्यापीठाचं रुग्णालय लवळ्यातच आहे, पाच मिनिटांवर. पाचाचं साडेचार करायला दीड लाख ही आमच्या प्रकृतीचा अपमान करणारी रक्कम वाटली.

तिसरा दमा मात्र खणखणीत होता. पावसाळा. मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. आमच्या बंगल्याचा शेवटचा चढ कच्चा आहे, जुलैत त्याचं थालीपिठाचं पीठ होतं. केरळात वागमोनच्या एलिफंट रॉकवर, ३४ अंशांच्या खडकावर, कंपनीने हीच चार चाकं ओढणारी गाडी चढवून चित्रफीत काढली होती. मी ती हिला दाखवली. ती म्हणाली, "आपला चढ किती अंशांचा?" आणि कोनमापक आणायला उठली. मी म्हटलं, राहू दे, प्रत्यक्षच बघू. विक्रेत्याला भर पावसात गाडी घेऊन बोलावलं. गाडी चढ अशी चढली की चाकाला चिखल लागला की नाही अशी शंका यावी. मी विजयी चेहऱ्याने हिच्याकडे पाहिलं. पोरगं छत्री सावरत म्हणालं, "सर, दोन मोटरची डेमो कार आज दुसरीकडे गेलीय. ही सिंगल मोटरची आहे."

शेजारचे तात्या कुंपणापाशी उभे राहून हे सगळं बघत होते.

तात्यांबद्दल जरा बैठक मारून सांगायला हवं, कारण जोरात पळणाऱ्या वस्तूवर जादा पैसे घालावेत का, या विषयात आमच्या पंचक्रोशीत त्यांच्याएवढा अधिकारी माणूस नाही. तात्यांची बैलगाडा शर्यतीची बैलं आहेत. आपल्या जिल्ह्यातला गाडा म्हणजे चार बैल, पुढे घोडी, आणि घाट. घाट चढाचा असतो आणि सगळा खेळ काही सेकंदांचा. सेकंदाच्या पुढचे आकडेही घड्याळात पकडतात, आणि त्या पुढच्या आकड्यांवरून भाऊबंदकी होते. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ च्या मेमध्ये घटनापीठाने तिच्यावर शिक्का मारला. मधल्या सात वर्षांत घाटांवर गवत वाढलं. तात्यांनी बैल विकले नाहीत. एकही शर्यत नसताना रोज दूध, अंडी, सरकीची पेंड, उडदाचं पीठ, अंगाला तेल. माझ्या हिशेबी डोक्याला त्या सात वर्षांचा खर्च कुठल्या सदरात टाकायचा ते अजून कळलेलं नाही.

"किती सेकंद म्हनला ह्यो?" तात्यांनी विचारलं.

"सहा पूर्णांक तीन."

"घाट किती फुटांचा?"

हा प्रश्न मला आजवर कुठल्या विक्रेत्याने, कुठल्या गाडीतज्ज्ञाने विचारला नव्हता. हिचे अठ्ठ्याऐंशी मीटर मी फुटांत केले. "दोनशे नव्वदच्या आसपास."

"बरी हाय की मंग. चढ?"

"सपाट."

तात्यांचा चेहरा उतरला. "सपाटावर काय, कुनी बी पळतंय." मग चाकणच्या गाडीचे ६.७ सांगितले तर म्हणाले, "ती नगं. पाइंट चारनं घाट जातोय." बीई सिक्सचं एवढं त्रोटक आणि एवढं निर्णायक परीक्षण मी मासिकांत वाचलेलं नाही.

मग ते मुद्द्यावर आले. दीड लाखात जादा काय मिळतं? मी म्हटलं, १५८ घोडे. तात्यांनी डोळे मिटून ओठ हलवले. गुंठ्याचे व्यवहार तोंडी केलेला माणूस. "साडेनऊशेला घोडा पडला," ते म्हणाले. "आवो, मंग इचार काय करताय? आमच्या गाड्याफुडं पळायला घोडी घेतली, तिला..." आणि कुंपणावरून वाकून त्यांनी आकडा माझ्या कानात सांगितला, कारण वहिनी अंगणात वाळवण घालत होत्या. आकडा ऐकून मला दोन्ही मोटरी एकदम माफक वाटायला लागल्या.

मी धीर करून विचारलं, "तात्या, पण बैलांचे पैसे वसूल होतात का हो?" बक्षिसात दुचाक्या मिळतात, ट्रॅक्टर मिळतात, चिखलीच्या शर्यतीला तर पहिलं बक्षीस जेसीबी ठेवलं होतं, म्हणून विचारलं. तात्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. रागावले नाहीत.

"वसूल कराया म्हशी हाईत की," ते म्हणाले.

आत येऊन मी हे वाक्य हिला सांगितलं तर ती वहीवरून मान वर न करता म्हणाली, "आपल्याकडे म्हशी कुठे आहेत?" आणि वही माझ्याकडे वळवली. तिने म्हैस शोधली होती. छतावर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल. केंद्राच्या सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांचं अनुदान आहे, ते वजा जाता सगळं काम दीड लाखाच्या आत बसतं. दिवसाला सरासरी बारा युनिट. ही गाडी एका युनिटला सहा किलोमीटर गेली तरी रोजचे बहात्तर किलोमीटर. "कोथरूडला जाऊन या, परत जा, पुन्हा या. उन्हावर. वीसपंचवीस वर्षं. नाहीतर सहा सेकंद." खाली तिने दुहेरी रेघ मारली होती. दुहेरी रेघ मारलेल्या गणितावर आमच्याकडे अपील नसतं.

तरी मी गुरुवार काढला. पुण्यात गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा, म्हणजे वीज जाण्याचा वार. या गाडीतून वीज बाहेरही काढता येते, मिक्सर चालेल, इंडक्शनची शेगडी चालेल. "हो, आणि ते एका मोटरच्या गाडीतही चालेल," ती म्हणाली. तिने पत्रक माझ्याहून नीट वाचलं होतं.

वीज बाहेर येते हे तात्यांना मात्र फार आवडलं. आमच्याच तालुक्यात, वर मुळशीला, टाटांनी धरण बांधायला घेतलं तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. धरण झालंच. गावं पाण्याखाली गेली, पाणी घाटाखाली भिऱ्याला गेलं, वीज मुंबईला गेली. तात्यांच्या आजीचं माहेर त्या बुडालेल्या बाजूचं. "शंभर वर्सं झाली," तात्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "आता टाटाच्या गाडीतनं आमच्या मिक्सरला वीज मिळनार. हप्त्यानं का होईना, परत याया लागली म्हना."

दोन मोटरची डेमो गाडी अखेर आली ती एका सकाळी, उजाडता उजाडता. टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेवढा एकच वेळ मोकळा असतो. पोरगं चालवायला, ही पुढे, तात्या नि मी मागे. पोराने गाडी पूर्ण थांबवली, मागेपुढे पाहिलं, बूस्ट लावलं. साठापर्यंतच नेईन म्हणाला होता आणि तेवढंच नेलं. पण ते साठ कधी आले ते मला सांगता येणार नाही. पोट मागच्या गतिरोधकाशी राहिलं आणि आम्ही पुढे. तात्यांची टोपी मागच्या काचेवर. तात्यांच्या तोंडून आपसूक "भिर्रर्र" निघालं आणि रस्त्याकडेला फिरायला निघालेले एक प्राध्यापकांसारखे गृहस्थ कठड्याला चिकटले.

गाडी थांबली. कुणी बोलेना. मग तात्यांनी टोपी झटकली. "पळतीया. पन आवाज न्हाय, धुरळा न्हाय. लोकान्ला कळनार कसं?"

मी पुढे वाकून हिच्याकडे पाहिलं. तिचा हात अजून दाराच्या मुठीवर होता. "सेकंदाला सेकंदाला साडेचार मीटर," ती म्हणाली. "गुरुत्वाच्या निम्म्याला थोडं कमी." एवढंच. पण उतरताना तिने पोराला विचारलं, की बूस्ट पुन्हा लगेच लावता येतं का. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्या संध्याकाळी मुदत ठेव मोडण्याचा फॉर्म टेबलावर होता. माझी सही झालेली. ही चष्मा लावून बसली, पेनाचं टोपण काढलं.

"मी सही करते," ती म्हणाली. "पॅनेल पुढच्या वर्षी बसवू. पण एकदा सरळ सांगा, हौस आहे म्हणून हवी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तसंच. हौस आहे. तात्या म्हणतात तसं. कंटेनर नाही, दवाखाना नाही, टोल नाही. एवढे दोन शब्द म्हणा आणि घ्या."

कुंपणापलीकडे तात्या बैलांना खुराक घालत होते. मी घसा साफ केला. दोन शब्द अगदी जिभेवर आले होते. मागे टेपरेकॉर्डर, कॅमेरा, आई आणि तिचा न झालेला दमा, सगळे रांगेने उभे राहिले.

"तसं म्हटलं तर," मी म्हणालो, "पुढच्या पावसाळ्यात तो चढ आणखी खचला, तर..."

तिने टोपण लावलं आणि भाजी कुठली करू ते विचारलं.